एकसष्ट आंघोळींचा समुद्र

वडवणी,
वैशाख

प्रिय जानकी,

एकसष्ट आंघोळी. बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची खरी किंमत काल मोजली, ती एवढी निघाली. काच, दिवे, पुण्याहून आलेले खडक हे पैशाने येतं. पण या उन्हात टाकीतलं पाणी उडतं आणि दिवसाआड एक कळशी ओतावी लागते. आपला बोअर मार्गशीर्षातच आटला. टँकरचं पाणी माणशी ठरलेलं. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही, म्हणून संक्रांतीपासून मी एक दिवसाआड आंघोळ करतो आणि वाचलेली कळशी गाळून माशांना देतो. सुंदरआत्या म्हणते, “दादा, छावणीत जनावरं जीभ काढून उभी हायेत, आन् तू माशाला न्हाऊ घालतोस?” मी हसलो आणि कळशी ओतली.

तुझ्या लग्नाला तीन वर्षं झाली. त्यानंतरचं माझं हे पहिलंच पत्र, आणि तेही कामाचं. टाकीत काहीतरी उगवलंय. तू मासोळीचं शिक्षण घेतलेली, तुला कळेल. खडक आले तेव्हा कोरे होते. फाल्गुनात एका कपारीत नखाएवढा तपकिरी देठ दिसला, वर बारीक तंतूंचा झुपका. बोट नेलं की लाजाळूसारखा आत जातो. असल्या दुष्काळात न पेरता काही उगवलं म्हणून मी आधी खूशच झालो. मग एकाचे आठ झाले आणि शेजारचं जांभळं पोवळं कोमेजायला लागलं. तण दिसलं की माझा हात थांबत नाही, तुला ठाऊक आहे. बाह्या वर करून ब्लेडने सगळे बुडापासून खरवडले. पंधरा दिवसांत चाळीस! हराळीचं पेर मातीत राहिलं की फुटतं, तसा तुकड्या-तुकड्याचा नवा देठ झाला. लहानपणी हराळी खणताना बापाच्या शिव्या खाल्लेल्या माणसाने हे करावं!

मोबाइलवर फोटो काढून दूधसंस्थेत दाखवला. संकलन पाव हिश्शावर आलंय, तेव्हा सगळे मोकळेच बसलेले असतात. आपला सेक्रेटरी राधाकिशन म्हणाला, “चेअरमन, हे समुद्रातलं गाजरगवत हाय. जाळून टाका.” टेम्पोवाला आश्रुबा त्याच्यावर खेकसला, “पाण्यात कसं जाळतील बे? फुलं हायेत ती. कावून उपटता, चेअरमन? ऱ्हाऊ द्या की.” दोघांना गप्प करायला मी म्हणालो, समुद्राचं मला सांगू नका. लेकीच्या लग्नात मी तो पाहून आलोय. नुसत्या आवाजावरून भरती की ओहोटी ते सांगतो. राधाकिशनने मान डोलावली. माझ्या कानांवर गावाचा विश्वास आहे. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं तेव्हापासून, मोटार पाण्यात फिरतेय की कोरडी, हे मी बांधावरून सांगत आलोय. त्याच कानांवर दुकान वाढलं, जमीन झाली, पुढे लोकांनी चेअरमन केलं.

ही टाकी घेतली त्यालाही हे कानच कारण. तू आईला फोन करायचीस, तेव्हा मी ओसरीवर पेपर धरून बसायचो. पान उलटायचो नाही. तुझ्या बोलण्यामागे समुद्राची गाज यायची. आई जेवलीस का विचारायची, तू हो म्हणायचीस, आणि मागे ती चाललेलीच. गेल्या उन्हाळ्यात आई गेली तेव्हा तू आलीस, तेराव्यापर्यंत राहिलीस. आपण चहात साखर किती, एवढंच बोललो. तू गेलीस आणि घर एकदम बंद पडल्यासारखं झालं. आत्या दिवसभर छावणीत गाईपाशी असते. मला वाटलं, खारं पाणी आणलं की आवाजही येईल. पण टाकीची मोटार नुसती घुंई करते. गाज काही येत नाही.

गेल्या गुरुवारी तू आत्याला फोन केलास. ती ओसरीवर होती, मी आत टाकीपाशी. मागे गाज होती. आणि गाजेच्या अलीकडे, फोनच्या अगदी जवळ, कुणीतरी ‘अग्गू’ केलं. आत्या लगेच मोठ्याने खोकली. तिला वाटलं, झाकलं गेलं. जानकी, चार-पाच महिन्यांचं असेल ना? मुलगा की मुलगी, ते मात्र कानाला कळलं नाही. त्या तपकिरी झुपक्यांचं नाव पुण्याच्या दुकानदाराने केव्हाच सांगितलंय, औषधाची बाटलीही पाठवलीय. मी ती फोडलेली नाही. या घरात आपलं आपण वाढणारं सध्या तेवढंच आहे. मला नाव विचारायचंय ते दुसरंच. बाळाचं काय ठेवलंत? या उन्हात त्याला इकडे आणू नकोस, अंगावर घालायला पुरेसं पाणी नाही. मीच येईन म्हणतो. जावईबापूंना विचारून कळव. त्यांना जावईबापू आज पहिल्यांदाच म्हणतोय. आणि एक. लग्नाला आई आणि आत्या दोन दिवस आधी आल्या होत्या. मागाहून मीही नवीन धोतर नेसून निघालो होतो. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा घेतला. रत्नागिरीकडची गाडी समोरून गेली, मी उठलो नाही. दोन दिवस बीडला लॉजवर काढले आणि लग्न लावून आल्यासारखा गावात उतरलो. त्या दोघींनी गावात कधी तोंड उघडलं नाही. समुद्र मी अजून पाहिलेला नाही.

तुझाच,
अण्णा