शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी लेन्स

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार. (कॅमेऱ्याची पिशवी गळ्यात असल्यामुळे हल्ली मी तशीही वाकलेलीच असते, पण हा नमस्कार मनापासूनचा समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा खोकला थांबला का? ताईला लग्नाच्या आनंदाने झोप लागत नसेल तर चांगलंच आहे. मला मात्र धास्तीने लागत नाही, आणि धास्ती लेन्सची आहे. फोनवर सांगितलं असतं, पण बाबा कायम शेजारच्याच खोलीत असतात, म्हणून पत्र.

घरची पोर असताना बाहेरचा फोटोग्राफर कशाला, असं तू म्हणालीस आणि मी हुरळून होकार दिला. आता लग्न तोंडावर आलंय. दुकानदाराने तीन लेन्स पारखायला दिल्या आहेत आणि शनिवारी त्यातल्या दोन परत न्यायच्या आहेत. पहिली जवळची. उजेड छान घेते, पण चार-पाच रांगांपलीकडची माणसं तिला मुंग्यांएवढी दिसतात. दुसरी लांबची. ती शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचते, पण ताई समोर उभी राहिली तर फोटोत तिचं नाक तेवढं मावतं (आणि आपल्या घराण्याचं नाक तू जाणतेसच). दोन्ही घेऊन आलटून पालटून लावाव्यात म्हणशील, तर तेही करून पाहिलं. गेल्या महिन्यात एका लग्नात एका हातात लेन्स, दुसऱ्या हातात कॅमेरा, अशा अवस्थेत मी असताना नवरदेवाने अंगठी घालून टाकली. पुन्हा घाला म्हटलं, तर ती निघेना. साबण आणला, तेल आणलं, नवरी रडवेली झाली, सासरेबुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्याच हातून काहीतरी मोडलंय. तेव्हा भर समारंभात लेन्स बदलणं बंद.

आणि ताईच्या लग्नात तर तेवढीही उसंत नाही, कारण बाबा. अंगठ्या घालून होईपर्यंत बसेन आणि उठेन, या अटीवर ते यायला तयार झालेत. म्हणजे पुढे ताईची अंगठी आणि मागे बाबा, दोन्ही एका दमात टिपायचं. एकदा ते दाराबाहेर गेले की संपलं. आजोबांच्या शेवटच्या फोटोचं झालं, तसंच पुन्हा व्हायचं.

तो विषय काढू नये हे मला कळतं, पण काढल्याशिवाय लेन्स ठरत नाही. फ्रेमवाल्याने तो फोटो चौकटीत बसवायला कडेने कापला आणि कडेला बाबा उभे होते. उरला फक्त त्यांचा कोपर. तू तो दिवाणखान्यात लावलास, कुणा पाहुण्याने हा कोपर कुणाचा म्हणून विचारलं आणि तू चहा ओतता ओतता बोलून गेलीस, "असेल कुणाचातरी." बाबा मागेच उभे होते. तेव्हापासून तुझं नाव निघालं की ते डावा कान पुढे करतात, ज्याने त्यांना मुळीच ऐकू येत नाही.

तर आता तिसरी लेन्स. ही जवळचंही घेते, लांबचंही घेते, बदलायची गरज नाही. दुकानदार तिच्याबद्दल जावयाबद्दल बोलावं तसा बोलत होता. तिला घेऊन काल मी बाबांसकट सभागृहात गेले. बाबांनी आपली जागा निवडली, शेवटची रांग, सज्जाखाली, दाराला लागून (उठून जायला बरं पडतं, म्हणाले). मी मंचाजवळ उभी राहिले. वधूच्या जागी व्यवस्थापक आणि वराच्या जागी वायरमन उभे केले. दोघांनी एवढा गंभीर चेहरा केला की मलाच आशीर्वाद द्यावासा वाटला. त्यांचा फोटो उत्तम आला. मग लेन्स बाबांकडे लांबवली तर काळोख! लांब गेली की ही बया उजेडच घेत नाही. नुसत्या चष्म्याच्या दोन काचा चमकल्या. कॅमेऱ्याची कळ फिरवून बळेच उजळवलं, तर तोंडावर वाळू सांडल्यासारखं दिसायला लागलं.

शेवटी लांबची लेन्स लावली आणि बाबांचा चेहरा एकदम हाताच्या अंतरावर आला. मी बघतेय हे त्यांच्या गावीही नव्हतं. व्यवस्थापकाने पहिल्या रांगेतल्या तुझ्या खुर्चीवर "वधूची आई" अशी चिठ्ठी लावून ठेवली होती. बाबा मान उंचावून त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होते. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा पाहायला लागले. सरळच सांगते, मला रडू आलं. कळ दाबायचीच राहिली आणि तो फोटोही गेला.

आतोबांना नमस्कार सांग. ताईला सांग, नाक मी सांभाळून घेईन.

तुझी,
भाची

ता. क. वरचं एवढं लेन्सपुराण कशासाठी ते आता लिहिते. मी जवळची लेन्स ठेवतेय, बाकीच्या दोन परत. मागे बसणारा माणूस माझ्या एकाही फोटोत येणार नाही, त्यामुळे त्याला पुढे आणावं लागेल, आणि ते मला जमणारं नाही. तुझ्या शेजारची एक खुर्ची राखून ठेव आणि बाबांना तू स्वतः फोन कर.

ता. क. पाकीट चिकटवायला गोंद आणायला गेले, तेवढ्यात बाबांनी पत्र वाचलं. मला वाटलं, आता फाडतात. पण घडी घालून परत दिलं. मग म्हणाले की फोटो पुन्हा त्या फ्रेमवाल्याकडे देऊ नका, आणि खुर्ची तुझ्या डाव्या हाताला ठेवायची. म्हणजे तू त्यांच्या उजव्या कानाशी येशील.