सिंहाचा सोफा आणि स्वानंदीची फी

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. बायकोला, नीलाला, वाचता येऊ नये म्हणून शामियान्याच्या कापडात गुंडाळून ठेवणार आहे.

मोठी बातमी. स्वानंदीला इंजिनिअरिंगची सीट मिळाली. कम्प्युटर सायन्स. कॉलेज बेंगळुरूच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमच्या पलीकडे, म्हणजे आमच्या राजाजीनगरहून जवळपास दुसरं राज्य. पोरगी हुशारीत माझ्यावर गेलीय. नीला म्हणाली, तुम्ही दहावीला तीनदा बसलात. त्याला चिकाटी म्हणतात.

फी वर्षाला लाखाच्या वर. महिनाअखेरपर्यंत भरायची, नाहीतर सीट दुसऱ्याला. स्वानंदीला सांगितलं, काळजी करायची नाही, बाप बसलाय. तिने विचारलं, म्हणजे सोय काय केलीय? प्रश्न फार विचारते. सायन्सचा परिणाम.

५ ऑगस्ट, मंगळवार
महांतेश अण्णांकडे ॲडव्हान्स मागितला. अण्णा आमच्या शामियाना कंपनीचे मालक. कंपनीत मी इव्हेंट मॅनेजमेंट बघतो. म्हणजे गोडाऊनमधून खुर्च्या, पातेली, गालिचे किती गेले आणि किती परत आले, ते बघतो. माणूस कमी असेल तर स्वतः उचलतोही. माणूस नेहमीच कमी असतो.

ठरवलं असं होतं, की ताठ मानेने आत जायचं, खुर्चीत ऐसपैस बसायचं आणि मग विषय काढायचा. पण खुर्च्या सगळ्या एका लग्नाला गेलेल्या. उभ्या उभ्या विषय नीट निघत नाही. अण्णा म्हणाले, हंबीरराव, मागचाच ॲडव्हान्स अजून फिटायचाय, जरा सांभाळून घ्या, स्वल्प अड्जस्ट माडी. मी म्हणालो, सरी, ठीक आहे. एकूण चर्चा सकारात्मक झाली.

६ ऑगस्ट, बुधवार
स्वानंदीने परस्पर एका ट्रस्टकडे अर्ज केलाय. गरीब घरातल्या हुशार मुलांची चारही वर्षांची फी ते भरतात. अर्ज मला वाचून दाखवला. वडिलांचा व्यवसाय: गोडाऊन हेल्पर. पगार: अठरा हजार. आईचा व्यवसाय: घरी साड्यांना फॉल-पिको. ऐकून बरं वाटलं नाही. म्हटलं, निदान सीनियर हेल्पर तरी लिहायचं. म्हणाली, बाबा, अर्जात खरं लिहायचं असतं.

गरीब हा शब्दही मला मान्य नाही. आम्ही गरीब नाही. आमच्याकडे सध्या पैसे नाहीत, एवढंच. हे सध्या माझ्या लहानपणापासून चालू आहे, ही गोष्ट वेगळी.

८ ऑगस्ट, शुक्रवार
ट्रस्टचा फोन आला. रविवारी घर बघायला दोघं येणार. श्रीविद्या मॅडम म्हणून मुख्य बाई आहेत, आणि जितेंद्र सर म्हणून बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ.

घर बघायला येणार म्हटल्यावर पुढचं मला कोणी सांगायची गरज नाही. माझ्या तिन्ही बहिणींना बघायला मंडळी आली, तेव्हा सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. शेजारच्या कपबश्या, समोरचा टेबलफॅन, वाण्याकडून उधार काजू. आमचे वडील, अप्पा, सांगायचे, पाहुणा आत आला की त्याला वाटलं पाहिजे, या घरात कशाला काही कमी नाही. तिघींची लग्नं पहिल्या फटक्यात जमली.

नीला म्हणाली, अहो, पण यांना कमी आहे तेच बघायचंय ना? नीलाला स्ट्रॅटेजी कळत नाही. पैसे लावणारा माणूस भरवशाचं घर बघतो. गळक्या घरातल्या मुलीवर चार लाख कोण लावेल?

९ ऑगस्ट, शनिवार
गोडाऊनमधून सिंहाचा सोफा आणला. रिसेप्शनला नवरा-नवरी बसतात तो. लाल मखमल, सोनेरी पाठ, दोन्ही हातांवर सिंहाची तोंडं. डाव्या सिंहाचा कान तुटला होता, तो मी एमसीलने चिकटवलाय. वरून सोनेरी रंग द्यायचा राहिलाय, त्यामुळे कान तेवढा करडा. मागचा डावा पायही मोडका आहे, तिथे वीट लावावी लागते. एवढं सोडलं तर राजेशाही काम.

अण्णांना सांगितलं नाही. सोमवारी परत जायचाच आहे, उगाच त्यांच्या डोक्याला ताप.

सोफा दारातून आत जाईना. दार काढलं. सोफा आत आला तर आम्हाला जागा उरेना. मग नीलाचं शिलाई मशीन, साड्यांचे गठ्ठे, गॅसची शेगडी आणि स्वानंदीची अभ्यासाची फळी, सगळं शेजारच्या अक्कांकडे हलवलं. खाली लाल गालिचा घातला. फुलांची कमानही आणली होती, पण लावली नाही. कुठे थांबायचं ते मला कळतं.

स्वानंदी म्हणाली, बाबा, हे नका ना करू. मी म्हटलं, तू फक्त पोहे घेऊन ये.

१० ऑगस्ट, रविवार
मोहीम फत्ते.

दार नसल्यामुळे पाहुण्यांचं स्वागत थेट झालं. जितेंद्र सर डाव्या बाजूला बसत होते, त्यांना अदबीने मध्ये सरकवलं. मॅडमनी विचारलं, काय करता? म्हटलं, इव्हेंट मॅनेजर. मिळकत किती? म्हटलं, देवाच्या दयेने काही कमी नाही. आपली बोलायची पद्धतच आहे ती. कोणी विचारलं तर माणूस आणखी काय सांगणार?

स्वयंपाक कुठे करता, असंही विचारलं. शेगडी अक्कांकडे. म्हटलं, किचन वेगळं आहे. खोटं नाही. अक्कांचं किचन वेगळंच आहे.

काजू दोघांनीही खाल्ले नाहीत. मोठ्या घरात असं होतं, लोक संकोचतात. मॅडम बराच वेळ डाव्या सिंहाचा कान बोटाने चाचपत होत्या. कलाकुसरीची आवड दिसते. स्वानंदी पोह्यांच्या बश्या घेऊन आली आणि खाली बघत उभी राहिली. मुली अशा वेळी लाजतातच. माझ्या बहिणीही अशाच उभ्या राहिल्या होत्या.

जाताना मॅडम म्हणाल्या, घर छान ठेवलंय. झालं. उद्या सोफा परत.

१४ ऑगस्ट, गुरुवार
ट्रस्टचा मेसेज आला. अर्जात लिहिलेली माहिती आणि घरची परिस्थिती यांचा मेळ बसत नाही. उमेदवाराने कुटुंबाचं उत्पन्न लपवल्याचं दिसतं. अर्ज नामंजूर.

चूक अर्जात होती. सीनियर लिही म्हटलं होतं.

स्वानंदी रडली नाही. रडली असती तर मला चार शब्द बोलता आले असते. मला खोटारडी म्हणाले, एवढंच बोलली. अक्कांकडून अभ्यासाची फळी आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मी हातोडी आणि खिळे घेऊन गेलो, तर म्हणाली, राहू दे.

आज जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असेल.

१६ ऑगस्ट, शनिवार
ट्रस्टच्या ऑफिसात स्वतः जाऊन गैरसमज दूर करायचा, असं ठरवलं. मुद्दे पाठ केले. इस्त्रीचा शर्ट, मेहुण्याने दिलेलं घड्याळ.

रिसेप्शनवरच्या मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, सर, डोनेशनसाठी आलात का? सर म्हणाली. मी हो म्हणून गेलो. लगेच खुर्ची आली, कॉफी आली. एवढी कॉफी प्यायल्यावर माणूस गरिबीचा विषय कसा काढणार? पाचशे एक रुपयांची पावती फाडून घरी आलो.

नीलाला सांगितलं, प्राथमिक बोलणी झाली. पावती खिशात आहे. इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते म्हणे. आधी इन्कम पाहिजे.

१९ ऑगस्ट, मंगळवार
स्वानंदी एका मॉलमध्ये बिलिंगच्या नोकरीचं विचारून आली. म्हणाली, यंदा कमावते, पुढच्या वर्षी सीट मिळाली तर बघू. मी म्हणालो, छान, अनुभव मिळेल.

छान नाही. अजिबात छान नाही. पण तोंडातून तेच निघालं. माझ्या तोंडातून नेहमी असंच काहीतरी निघतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
अण्णांकडे रविवारची ऑर्डर आली. निवडलेल्या मुलांना चेक वाटायचा कार्यक्रम आहे. स्टेज, खुर्च्या आणि पाहुण्यांसाठी सोफा. कोणाची ऑर्डर, तर त्याच ट्रस्टची. आणि कोणता सोफा, तर तोच. बाकीचे सगळे सोफे गणपतीच्या मंडपांना बुक झालेत.

आजारी पडायचं ठरवलं. अण्णा म्हणाले, पडा की, पण आधी खुर्च्या उतरवा आणि मग पडा.

स्वानंदी म्हणाली, माणूस कमी आहे ना, मी येते. नको म्हटलं. ऐकत नाही. हट्ट आईकडून आलाय.

२४ ऑगस्ट, रविवार
तोंडाला टॉवेल गुंडाळून गेलो. धुळीचा त्रास, असं सगळ्यांना सांगितलं. हॉल आतून चकाचक होता.

श्रीविद्या मॅडम स्टेज बघायला लवकर आल्या. सोफ्याजवळ थांबल्या. डाव्या सिंहाच्या करड्या कानावर बोट ठेवलं. वाकून वीट बघितली. मग माझ्याकडे बघितलं. टॉवेलात मी चांगला लपलो होतो, पण तेवढ्यात अण्णा मागून ओरडले, हंबीरराव, ते जाजम घ्या इकडे. आमच्या नावाचा दुसरा माणूस बेंगळुरूत मिळणं कठीण.

मॅडमनी कन्नडमध्ये विचारलं, हा सोफा कोणाचा? माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. आमचा जुना अण्णांना विकला, हे त्यातल्या त्यात चांगलं होतं. मी टॉवेल काढेपर्यंत स्वानंदी चार खुर्च्या घेऊन आली. त्या खाली ठेवल्या आणि तीच बोलली. सोफा अण्णांचा आहे, बाबांनी तुमच्यासाठी आणला होता. माझे बाबा गोडाऊनमध्ये खुर्च्या उचलतात. पगार अठरा हजार. अर्जात लिहिलं तेच खरं आहे. घरी पाहुणे आले की बाबांना काही कमी दिसलेलं चालत नाही, म्हणून तसं झालं.

रस्ता चुकलेल्याला पत्ता सांगावा, तशा आवाजात बोलली. खुर्च्या उचलतात, हे सांगताना कुठे अडली नाही. आजूबाजूला दहा माणसं होती. मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, की पोरीला हे चारचौघांत सांगायची लाज वाटेल. इव्हेंट मॅनेजर मी झालो तो तिच्यासाठीच. तिने कधी मागितलं नव्हतं, हे आज लक्षात आलं. मला तिथे उभं राहवेना. जाजम आणायला गेलो आणि बराच वेळ ते घडी करत बसलो.

मॅडम सरी एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. चेक दुसऱ्या मुलांना वाटले. आम्ही मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या. अण्णांनी सगळं ऐकलं होतं. सोफ्याचं दोन दिवसांचं भाडं पगारातून कापणार आहेत.

२८ ऑगस्ट, गुरुवार
काल गणपती. आदल्या रात्रीपासून मंडपांचं काम. आज दुपारी बनियनवर जमिनीवर आडवा पडलो होतो. डोळे उघडले तर समोर श्रीविद्या मॅडम. फोन नाही, सूचना नाही. दारही वाजवता आलं नाही त्यांना, कारण मी काढलेलं दार अजून भिंतीलाच टेकवलेलं आहे. बसवायचं म्हणतोय.

घरात काहीच तयारी नव्हती. नीला मशीनवर, चहूकडे साड्या, शेगडीवर भात. मी उठून काजू आणायला अक्कांकडे निघालो. नीलाने बनियन मागून धरून ठेवलं, मॅडम जाईपर्यंत सोडलं नाही.

मॅडम उलट्या डब्यावर बसल्या. स्टीलच्या पेल्यातून चहा घेतला. मग आणखी अर्धा पेला मागून घेतला. माझ्या काजूंना यांनी हात लावला नव्हता. मिळकत किती, असं पुन्हा विचारलं. देवाच्या दयेने, इथपर्यंत आलो होतो. नीलाने बनियन ओढलं. अठरा हजार, म्हणालो.

पाहिलं तर सोपं आहे.

३० ऑगस्ट, शनिवार
मंजूर. चारही वर्षांची. ट्रस्टने पहिल्या वर्षाची फी आज कॉलेजात भरलीसुद्धा. स्वानंदीने मॅडमचा मेसेज वाचून दाखवला. यंदाच्या सर्व अर्जांमध्ये हे कुटुंब सर्वांत गरजू आहे.

सर्वांत. म्हणजे पहिला नंबर. आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी पहिला आलो, तो यात. नीला म्हणते पेढे वाटा. काय सांगून वाटू?

अक्कांना सांगितलं, मेरिटवर फी माफ झाली. तेही खोटं नाही. स्वानंदीने फळी आणि खिळे माझ्यासमोर आणून ठेवले. फळी लावली. स्वल्प वाकडी लागलीय, पण ती म्हणाली चालेल.

पुढच्या वर्षी ट्रस्ट निवडलेल्या मुलांच्या वडिलांना स्टेजवर सोफ्यावर बसवणार आहे. अण्णांना विचारून आलो, सोफा तोच जाणार. मी म्हटलं, मी काही बसत नाही, त्याचा पाय मोडका आहे ते मला पक्कं माहीत आहे. स्वानंदी म्हणाली, तुम्ही बसा बाबा, वीट मी लावते.