घड्याळ सरळ करणारा हात

मी, नॉरबर्ट इग्नेशियस डाबरे, मूळ राहणार वसई, सध्या मुक्काम बौशर, मस्कत, कुरुममधल्या एका हॉटेलात मेजवानी विभागाचा व्यवस्थापक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहीत आहे. पुढच्या महिन्यात मुंबईत माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. मनात राग आहे, पण आपलं काय आहे आणि ते कोणाला द्यायचं, हे रागावलेल्या माणसालाही कळतं. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात चंद्रशेखरचं नाव होतं.

१. वसईचं घर, मागची केळीची वाडी आणि विहिरीतला माझा हिस्सा माझी मुलगी सॅन्ड्रा हिला मिळावा. बँकेतली शिल्लकही तिचीच. या सगळ्याची व्यवस्था माझा मेहुणा शॉन लोपीस याने पाहावी. केळी तोडून तिथे गाळे बांध, असा सल्ला मात्र त्याने तिला देऊ नये. मला तो दर सुट्टीत देतो.

२. नाटकाचे दिवे, पडदे आणि रंगभूषेची पेटी मी जुन्या मृत्युपत्रात चंद्रशेखरला दिली होती. आता ती मस्कतमधल्या आपल्या मराठी मंडळाला द्यावी. मंडळाचे सचिव जयप्रकाश यांनी त्या प्रसंगी भाषण करू नये.

चंद्रशेखर सोहारच्या पोलाद कारखान्यात तंत्रज्ञ होता. मंडळाची नाटकं मी बसवायचो. तालमी आमच्याच दिवाणखान्यात, शुक्रवारी. तो सोहारहून दोन-अडीच तास गाडी हाकत यायचा आणि एलिझाबेथ, माझी पत्नी, त्याच्यासाठी जेवण झाकून ठेवायची. आवाज चांगला होता, पण हातांचं काय करावं हे त्याला कळत नसे. एका प्रवेशात त्याला रडायचं होतं. मी म्हटलं, "रडू नकोस. चष्मा पूस. आणि पुसून झाल्यावर घालायला विसर." प्रयोगाच्या दिवशी त्याने तसं केलं आणि सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. त्यानंतर तो मला सर म्हणू लागला. मी त्याला मुलगाच मानला.

३. माझं स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ सॅन्ड्राला द्यावं. पट्टा सैल आहे. तबकडी घसरून मनगटाच्या आतल्या बाजूला जाते. घड्याळजीकडून दोन कड्या काढून घे, असं मला सगळ्यांनी सांगितलं. मी काढल्या नाहीत, कारण लग्नापासून एलिझाबेथ ते घड्याळ एका बोटाने सरळ करत आली. बोलता बोलता, माझ्याकडे न बघता. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना, विमानतळाच्या रांगेत, भांडणातसुद्धा.

तिचा रिपोर्ट आला त्या दिवशी आम्हाला इस्पितळात चंद्रशेखरने नेलं. डॉक्टर सांगत होते की आजार यकृतात पसरला आहे. एलिझाबेथ त्यांच्याकडे बघत होती. तिचा हात माझ्या मनगटावर आला, तिने घड्याळ सरळ केलं आणि हात परत मांडीवर ठेवला. चंद्रशेखर तिची पर्स धरून दाराशी उभा होता.

मला वाटत होतं, तो आमच्या दुःखात उभा आहे. तो काम करत होता.

त्याच वर्षी तो नोकरी सोडून मुंबईला सिनेमात गेला. जाताना एलिझाबेथने अंथरुणातूनच त्याच्या कपाळावर क्रूस काढला. ती गेली तेव्हा मी तिला वसईला नेलं. मुंबईहून वसई लांब नाही. तो आला नाही. शूटिंग आहे, असा निरोप आला.

मागच्या वर्षी त्याचा सिनेमा इथे मॉलमध्ये लागला. मंडळाने खास खेळ ठेवला, आणि मला पहिल्या रांगेत बसवलं. त्यात चंद्रशेखर थोरला भाऊ आहे. धाकट्याला डॉक्टर वाईट बातमी सांगतात आणि हा, डॉक्टरांकडे बघत, भावाचं घसरलेलं घड्याळ एका बोटाने सरळ करतो. हात परत मांडीवर. माझ्या मागे कोणीतरी हुंदका दिला. मी उठून बाहेर गेलो.

नंतर दूरदर्शनवरच्या मुलाखतीत त्याला विचारलं, हे कुठून आलं? म्हणाला, "त्या क्षणी सुचलं. हात आपोआप गेला."

मी फोन केला.

"चंदू, तुला सुचलं ते?"

"सर, मुलाखतीत तसं म्हणावं लागतं."

"एलिझाबेथचं नाव घेता आलं असतं."

"तुम्हीच तर शिकवलंत, माणसं बघ म्हणून."

"बघ म्हटलं होतं. माझं आहे म्हणून सांग, असं म्हटलं नव्हतं."

तो म्हणाला, "सर, घड्याळच तर सरळ केलं. त्यात एवढं काय?"

मी फोन ठेवला. त्यानंतर बोललो नाही. माझ्या दफनाला तो आला तर त्याला हाकलू नये, पण शवपेटीला खांदा देऊ देऊ नये.

४. माझ्या स्मरणार्थ मंडळाने तो सिनेमा कधीही दाखवू नये.

५. वरील अट सॅन्ड्राला लागू नाही. याचं कारण लिहून ठेवतो. नाताळात ती पुण्याहून इथे आली होती. तिच्या खोलीत गेलो तर ती लॅपटॉपवर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होती.

मी म्हटलं, "बंद कर ते."

तिचं मराठी इथल्या शाळेत वाढलेल्या मुलांसारखं, अडखळत येतं. "पप्पा, आय नो, त्याने चोरलं. पण मम्माचे आपल्याकडे सगळे बर्थडेचे व्हिडिओ आहेत. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघते. असं, न बघता करते ना... ते कुठेच नाही आपल्याकडे."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. मग परत येऊन तिच्या शेजारी बसलो. तिने प्रसंग पुन्हा लावला. त्याचा चेहरा होता तोवर मी भिंतीकडे बघितलं. हात आला तेव्हा पडद्याकडे बघितलं.

तेव्हा सॅन्ड्राला तो सिनेमा हवा तितक्या वेळा बघू द्यावा. कोणी तिला माझ्या अपमानाची आठवण करून देऊ नये. मी चंद्रशेखरला क्षमा केली, असा अर्थ मात्र कोणी यातून काढू नये.

हे सगळं मी साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या.

सही: नॉरबर्ट इग्नेशियस डाबरे

साक्षीदार:
गजेंद्र सावंत, शेजारी, बौशर
नसीबा मुकादम, सहकारी, कुरुम

बौशर, मस्कत
१० मार्च २०१७