बरा हाय ना?

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

सौदीतल्या हुफूफच्या खजुराच्या कंपनीत रुजू होऊन महिना झाला नाही, तोच हर्नियाने दगा दिला. पण वॉर्ड झकास आहे. गार हवा, मऊ गादी आणि शेजारच्या खाटेवर रत्नागिरीचे जमालुद्दीनचाचा. परमुलखात मराठी बोलायला माणूस मिळाल्यावर मी कसला आवरतोय. केरळच्या सिस्टरला चाचांनी ‘बरा हाय ना?’ म्हणायला शिकवलंय. तिला मराठी येतं ते एवढंच, बाकी सगळं मोडक्या हिंदीत, तीही बोलण्यापुरती; वाचता येत नाही. आमच्या गप्पा तिला गाण्यासारख्या वाटतात म्हणे.

बुधवार

ऑपरेशन छान झालं. नाशिकला विभावरीला फोन लावला. टाके उसवतील, आता बोलणं पुरे, असं शेवटी बायकोच म्हणाली. चाचांना उद्या घरी सोडणार. मला काही करमायचं नाही.

गुरुवार, सकाळ

चाचा ‘खलास’ म्हणत हसत गेले. नंतर चहाचा कप माझ्या उजव्या हातातून निसटला. भुलीचा असर असेल, सिस्टर म्हणाली. डॉक्टर राउंडला आले की सांगते म्हणाली.

दुपार

हिंदीत पाणी मागितलं. तोंडातून भलतंच काहीतरी आलं. हिंदी नव्हतं, मराठीही नव्हतं. सिस्टर हसली. आता माझ्याशीही मराठीत बोलता का, म्हणाली.

मोबाइलच्या काळ्या काचेत तोंड पाहिलं. उजवी बाजू खाली ओघळलीय. माझे वडील शेवटी असेच दिसत होते. आणायला उशीर केलात, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. मी तर हॉस्पिटलातच आहे.

नंतर

डाव्या हाताने लिहितोय. सिस्टरने मोबाइल उजवीकडे चार्जिंगला लावलाय. वाजतोय — विभावरी. ती एका शब्दात ओळखेल. हात जात ना—

सिस्टरने आवाज बंद केला. झोपा म्हणाली.

ओरडलो. दुसऱ्या सिस्टरला सांगत होती, दोस्त गेला म्हणून रडतोय —

भीती वाटते. फार.

वहीत मोठ्ठं लिहिलं. मी बोलतोय ती मराठी नाही. तिला दाखवलं. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. मराठी, म्हणाली. खूश झाली. उशी नीट केली.

इंग्रजी अक्षरं — आठवत ना—

परत आली. बरा हाय ना?

नाही म्हणालो. तोंडातून काय गेलं कुणास ठाऊक. हसली. पडदा ओढून घे—