सत्तेचाळीस नंबरचा खोकला

छत्रपती संभाजीनगर

आई,

जयभीम. मी बरी आहे, डबा वेळेवर येतो. तुझे गुडघे कसे आहेत?

हे फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय. आमच्या कंपनीचं मशीन खोकला ऐकून टीबी ओळखतं. त्यासाठीच गेल्या उन्हाळ्यात मी विहाराच्या ओट्यावर बसून आपल्या लोकांचे खोकले मोबाइलमध्ये भरले. साहेब म्हणाले होते, नावं काढून नंबर टाक, नावांची यादी माझ्याजवळ राहील, कुणी आजारी निघालं तर लगेच कळवू. तोच शब्द मी आपल्या पिशोरात घरोघर दिला.

काल पाहुण्यांसमोर त्यांनी सत्तेचाळीस नंबर वाजवला. ते आपले बाबा होते. खोकून झाल्यावर "झालं का गं?" विचारतात, तेसुद्धा तसंच आहे. लोक हसले. पडद्यावर आलं, टीबी. मशीननं ओळखल्याची तारीख ऑक्टोबरची. बाबा गेले फेब्रुवारीत. मधले चार महिने आपण त्यांना दम्याचं औषध देत राहिलो, आई.

मी यादी मागितली. साहेब लई शांतपणे म्हणाले, ती तेव्हाच पुसली, नियमच तसा आहे.

तू उद्याच सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घे. टाळू नको.

गावातले अजून अकरा नंबर तसेच निघालेत. भिंतीपलीकडं कोण खोकलं ते तुला घरात बसून कळतं. रविवारी ते अकरा आवाज घेऊन येते, तू नावं सांग. बाबांचा तेवढा मागू नको.

तुझी,
सुलेखा