चाळीसपैकी चाळीस

३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ८.
माझ्या गाईड सरांच्या मते तळ्यातली लव्हाळी सप्टेंबरअखेर वाढायची थांबतात. माझं मॉडेल म्हणतं, नोव्हेंबरपर्यंत वाढतील. मॉडेल तीनदा तपासलं. म्हणजे सर चुकतात. नोव्हेंबरात समितीसमोर हे सिद्ध झालं, तर फेलोशिप वर्षभर वाढेल. नाहीतर मामाचं विम्याचं ऑफिस.
संकल्प: टॅग बांधलेले चाळीस दांडे दर सोमवारी स्वतः मोजणे.

१० सप्टेंबर.
चिखल गुडघाभर. निरीक्षकाने नमुन्यापासून दूर राहावं, हेच शास्त्रीय. नावाडीकाका होडीतून मापं ओरडतात, मी बांधावर टिपून घेते. काका म्हणाले, ताई, तुमचे बूट नातवंडांनाही पुरतील.

१ ऑक्टोबर.
सरासरी वाढ चार सेंटिमीटर. सरांना आलेख पाठवला. सोबत एक शब्दही नाही. त्यांनी विचारलं, महिन्याभरात एकही दांडा मोडला नाही? चाळीसपैकी चाळीस? कळवलं, नीट मोजलं की असंच होतं.

२९ ऑक्टोबर.
परवा वादळ. काठावरच्या शेडचे पत्रे उडाले. चाळीसही दांडे उभे, वर सहा सेंटिमीटर वाढ. मॉडेलमध्ये वाऱ्याला जागाच ठेवली नव्हती. योग्यच केलं.
आई फोनवर म्हणाली, सरांशी जरा जुळवून घे. म्हटलं, माझा आलेख जुळलाय. म्हणाली, मामा परत विचारत होता. फोन ठेवला.

१९ नोव्हेंबर.
समिती थेट तळ्यावर आली. त्यातल्या बाईंनी काकांना विचारलं, वादळात मोडलेले दांडे कुठेत? काका म्हणाले, मोडला की टॅग सोडतो आणि शेजारच्या चांगल्या उंच दांड्याला बांधतो, ताईंचा अभ्यास अडायला नको. वादळानंतर एकवीस बांधले. पाठ धरली होती, पण बांधले.
सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.
मी मुद्दा मांडला: काकांची निवड सातत्यपूर्ण आहे, ती मॉडेलमध्ये बसवता येईल. बाई म्हणाल्या, ती बसलीच आहे की.

२३ नोव्हेंबर.
फेलोशिप वाढवली नाही. पत्रात आलेखाला सुबक म्हटलंय. त्या ओळीखाली रेघ मारली.
मामाला फोन केला. म्हणाला, सोमवारपासून ये.
मंगळवारी जाणार आहे. सोमवार मोजणीचा.