सीमुर्गाची पिसं

३ डिसेंबर १९३९, गोरेगाव

पक्ष्याचं एक पीस गेलं! दर्ग्याच्या आतल्या दारावरच्या भिंतीवर रंगवलेला सीमुर्ग. माझ्या आजोबांनी मुलाचा नवस फेडायला हैदराबादेहून कारागीर आणून काढवलेला. शेपटी चौकटीच्या कडेनं पार हाताशी येते. तिथलाच हिरवा रंग कुणीतरी खरवडलाय. दर्ग्याची देखभाल करणारा मुजावर इब्राहीम म्हणतो, "जुना रंग हाय पाटील, झडला असंल." झडला तर खाली पडेल ना? खाली कणही नव्हता!

७ डिसेंबर

आणखी एक पीस. गेल्या महिन्यात तो परगावचा मौलवी सांगून गेला, भिंतीवर चित्रं नकोत. इब्राहीम मान डोलवत होता — मी पाहिलंय. आज सरळ विचारलं. म्हणाला, "पुसायचंच असतं तर चुन्याचा हात मारला असता पाटील. एकेक पीस काहून काढू?" वर गोष्ट ऐकवली — इराणातली, त्यांच्या धर्माच्याही आधीची. बाळंतपणात अडलेल्या राणीला या पक्ष्यानं सोडवलं. आपलं पीस देऊन ठेवलं होतं, नड पडली की जाळा, मी येतो. मला गोष्टीत गुंगवतो काय!

१० डिसेंबर

चोराच्या मनात चांदणं. मला पाहून वाट बदलली इब्राहीमनं.

१४ डिसेंबर

आज गुरुवार. दिवसभर लिंबाखाली बसून पाळत ठेवली. बायका, लेकरं, सुईण खुर्शीदबी — बायकांवर काय नजर ठेवायची! संध्याकाळी पाहतो तो तिसरं पीस गायब. इब्राहीमकडून दर्ग्याची किल्ली काढून घेतली. चुना, तेल आमच्या घरचं; मला हक्क आहे. निमूट दिली. एवढंच म्हणाला, "गुरुवारी बायामानसं आली तर उघडत जा."

यातही काहीतरी आहे.

१८ डिसेंबर

चोर घरातच! नर्मदाबाईच्या पदराची गाठ सुटली, आत हिरवी पूड. माझी बायको! आमची लेक शालू पहिलटकरीण, पाय सुजलेत, म्हणून खुर्शीदबीच्या सांगण्यावरून जमवत होती. अडली तर निखाऱ्यावर टाकून धूर द्यायचा म्हणे. "सांगितलं असतं तर तुमी हसला असता," म्हणाली. "तुमच्या येळंला सासूबाईलाबी ह्योच धूर दिला." पंखाजवळ जुनी रिकामी जागा आहे. मी ती ओल समजत आलो.

संताप संताप झाला. भिंतीच्या रंगानं मूल होतं होय! पुडी चुलीत फेकली. ती रडत बसली. किल्ली अजून माझ्याच कमरेला आहे.

२२ डिसेंबर

कालपासून शालूला कळा. लेकरू अडलंय. खुर्शीदबी नुसती शेगडीकडे बघत राहिली. मी किल्ली घेऊन पळत सुटलो. हाताशी येतील ती पिसं संपली होती. न बोलावता इब्राहीमनं शिडी आणून लावली. "पंखाचं घ्या पाटील." मी नखानं खरवडत होतो. त्यानं एका हातानं शिडी धरली, दुसऱ्या हातानं डोक्यावरची टोपी काढून खाली धरली.

कणही जमिनीवर पडू दिला नाही.